वेडा कोणी ठरवायचा?



मनाच्या विकारांवर बोलायला चालकांनी डॉक्टर सोडून युनियनच्या माणसाला उभे केले, याचे आपल्याला नवल वाटले असेल, आम्हांलाही वाटले. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. तेव्हा रोगांची चिकित्सा आम्ही करणार नाही. पण माणूस आजारी आहे की कामचुकार, हा तंटा आमच्या टेबलावर नेहमी येतो आणि त्या तंट्याला जुना इतिहास आहे. तेवढाच आज सांगावयाचा आहे.

विकृत मन ओळखण्याची मापे पुष्कळ. चारचौघांहून निराळा तो विकृत म्हणावे, तर एखादा थोर गणितीही त्यात सापडतो. समाजाच्या रीतीबाहेर वागेल तो विकृत म्हणावे, तर ती रीत कोणाची, हा प्रश्न उरतोच. १८५१ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एका वैद्यकीय नियतकालिकात सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टराने गुलामांचे दोन नवे रोग जाहीर केले. गुलाम मालकापासून पळून जातो, तो ड्रेपटोमेनिया. कामात हयगय करतो, हत्यारे मोडतो, तो दुसरा रोग. त्याचे नाव इतके लांबलचक आहे की ते आम्ही सांगत बसत नाही. या दुसऱ्या रोगावरचा उपाय ऐका. रोग्याला स्वच्छ धुवावे, अंगाला तेल लावावे, ते कातड्याच्या रुंद पट्ट्याने मारून जिरवावे आणि मग उन्हात कष्टाच्या कामाला जुंपावे. मुकादम ज्याला हरामखोरी म्हणत असे त्याला डॉक्टराने रोग म्हटले. पट्टा मात्र कायम राहिला.

पहिल्या महायुद्धात हाच तंटा उलट बाजूने उभा राहिला. १९१४ च्या हिवाळ्यापासून फ्रान्समधल्या खंदकांतून असे शिपाई येऊ लागले की अंगावर जखम नाही, पण हात थरथरतात, वाचा बसली आहे, डोळ्यांना दिसत नाही, झोप उडाली आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा तिघांची हकीकत छापली आणि शिपायांच्या तोंडचा 'शेल शॉक' हा शब्द शास्त्रात आला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, असा आरंभी समज होता. पण ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता तेही तसेच थरथरताना आढळले. तेव्हा वरिष्ठांना पेच पडला. इजा म्हणावी तर पेन्शन द्यावे लागते. भित्रेपणा म्हणावा तर गोळी घालता येते.

रोगाच्या नावातही हुद्दा पाहिला जाई. अधिकाऱ्याला बहुधा 'न्यूरस्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचा थकवा. साध्या शिपायाला 'हिस्टेरिया', जो त्या काळी बायकांचा रोग समजत. एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथे अधिकाऱ्यांसाठी इस्पितळ होते. तेथे रिव्हर्स यांच्यासारखे डॉक्टर रोग्याला शांतपणे बोलते करीत. इकडे लंडनच्या क्वीन स्क्वेअर इस्पितळात वाचा गेलेल्या शिपायाच्या घशाला येलंड नावाचे डॉक्टर विजेचे झटके देत.

हॅरी फार हा त्यातलाच एक शिपाई. १९१५ मध्ये शेल शॉकसाठी तो पाच महिने इस्पितळात होता. बरा म्हणून परत आघाडीवर धाडला. सप्टेंबर १९१६ मध्ये त्याने पुढे जायला नकार दिला. खटला सुमारे वीस मिनिटे चालला, बचावाला कोणी नव्हते. १८ ऑक्टोबरला त्याला गोळ्या घातल्या; वय २५. विधवेला पेन्शन नाकारले. कुटुंबाने पुढे चिकाटीने दाद मागितली. २००६ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने त्याच्यासह ३०६ जणांना मरणोत्तर माफी मिळाली. नव्वद वर्षे लागली. त्या आधीच, १९२२ मध्ये, सरकारी समितीने 'शेल शॉक' हा शब्दच वापरू नये असे सुचवून प्रश्न मिटवू पाहिला होता.

तो मिटला नाही. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या अमेरिकन शिपायांनी १९७० पासून आपापले गट करून बसायला सुरुवात केली. लिफ्टन व शाटान हे दोन डॉक्टर त्यांच्या बैठकांना जात. त्यांच्या रेट्याचाही वाटा होता म्हणून १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आघातानंतरचा ताणविकार हे नाव दाखल झाले. संघटना केल्याखेरीज रोगालासुद्धा मान्यता मिळत नाही, असे आम्ही म्हटले तर डॉक्टरमंडळी रागावतील. पण या बाबतीत तरी ते फारसे खोटे नाही.

येथे आमचा स्वतःचा एक मामला सांगणे भाग आहे. एका कारखान्याच्या प्रेसखात्यात एकाचा पंजा गेला. शेजारच्या मशीनवरच्या कामगाराने त्याला उचलून बाहेर आणले. आठवड्याने हा शेजारी कामावर आला आणि गेटवरूनच परतला. मशीनचा आवाज आला की घाम फुटे, छाती धडधडे. रात्री जाग येई ती ओरडून. कारखान्याच्या डॉक्टराने 'फिट' असा दाखला दिला. त्याने आमच्याकडे अर्ज दिला की स्टोअरमध्ये बदली मागा. पंजा गेलेल्याच्या भरपाईचा लढा चालू होता. त्यात हे लटांबर नको, असे आम्हांला वाटले. अर्जावर आम्ही आमच्या हाताने लिहिले, 'कारण सबळ नाही.' तीन महिन्यांनी गैरहजेरीबद्दल त्याला काढून टाकले. तो कागद आमच्या कपाटात आहे. वीस मिनिटेसुद्धा आम्ही त्याला दिली नव्हती.

आजचे शास्त्र पाहते ते मुख्यत्वे असे, की त्रास किती आहे, किती दिवस टिकला आहे आणि नित्याचे व्यवहार त्याने किती अडले आहेत. दुःख कोणाला नाही? पण दोन आठवडे किंवा अधिक काळ मन खचलेले, कशातच गोडी नाही, झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगणे नकोसे वाटते, तेथे नैराश्याचा विकार आहे का हे डॉक्टरकडून तपासून घ्यावे लागते. चिंतेचा विकार तर पुष्कळदा छातीच्या धडधडीच्या नि पोटाच्या तक्रारीच्या वेषात येतो. २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त आढळले. म्हणजे शंभर जणांच्या पाळीत दहा. त्या पाहणीत निरनिराळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रोग्यांना उपचार मिळत नव्हता.

आपल्याकडे १९१२ च्या कायद्याचे नावच 'ल्युनसी अ‍ॅक्ट' होते. तो जाऊन १९८७ चा आला आणि त्याच्या जागी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. या शेवटच्या कायद्याचे तिसरे कलम आम्ही दोनदा वाचले. त्याचा आशय असा की माणसाची राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थिती पाहून, किंवा आसपासच्या समाजात रूढ असलेली नैतिक, सामाजिक, राजकीय वा कामाविषयीची मूल्ये तो मानीत नाही म्हणून, त्याला मानसिक रोगी ठरवता येणार नाही. 'काम' हा शब्द कलमात आहे. कार्टराइटला उत्तर मिळाले.

फारला मात्र या कलमाने उत्तर मिळत नाही. रोग नसताना रोगी ठरवू नका, एवढेच ते सांगते. रोग असताना कामचुकार ठरवू नका, हे कारखान्यात कोणी सांगायचे? आमच्या सभासदांच्या रजेच्या अर्जांवर अजून 'पोटदुखी' असेच लिहिलेले असते. हल्ली आम्ही अर्जदाराला बसवून घेतो, झोप कशी लागते ते विचारतो आणि मग अर्जाला हात लावतो.