खेळाच्या पैशांचे वाटेकरी

दुकानात व्हिडिओ गेम विकला गेला की पैसे कोणाकोणाच्या खिशात जातात? दुकानदार, वितरक, प्रकाशक, यंत्र बनवणारी कंपनी... आणि खेळ रचणारा? १९७९ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीत त्याला पगारापलीकडे काही नव्हते. वॉरेन रॉबिनेट यांना वर्षाला सुमारे २२ हजार डॉलर मिळत. त्यांच्या ‘ॲडव्हेंचर’च्या दहा लाख प्रती खपल्या, एकेक २५ डॉलरला! वेष्टनावर नावसुद्धा नाही. मग त्यांनी ते खेळातल्याच एका गुप्त खोलीत लिहून ठेवले. ही शक्कल मला फार आवडते. १९८० मध्ये एका मुलाला ते सापडले, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेले होते.

डेव्हिड क्रेन आणि तिघा सहकाऱ्यांनी मात्र सरळ वाटा मागितला. जुळणी करणाऱ्या कामगारांपेक्षा तुमचे महत्त्व जास्त नाही, असे आपल्याला ऐकवण्यात आले, असे क्रेन सांगतात. चौघे बाहेर पडले. १९७९ मध्येच ‘ॲक्टिव्हिजन’ उभी राहिली. अटारीने दावा लावला. १९८२ च्या तडजोडीत ॲक्टिव्हिजनने अटारीला रॉयल्टी देण्याचे मान्य केले, म्हणजे यंत्रवाल्याचा वाटा आलाच. १९८५ पासून निन्टेंडोने अमेरिकेतल्या यंत्रात कुलूपवजा चिपच बसवली. प्रकाशकांना कार्ट्रिज त्यांच्याकडूनच, आगाऊ पैसे मोजून घ्यावी लागत. खेळ खपला नाही, तर माल प्रकाशकाच्या गळ्यात.