माता, मूल आणि अध्ययन : भिक्खुनी-खंधकातील एक नोंद

बौद्ध धम्माने स्त्रीला ज्ञानाचा अधिकार दिला, हे आता आपल्या समाजात सर्वमान्य झाले आहे. महाप्रजापती गौतमी, खेमा, उप्पलवण्णा, धम्मदिन्ना ही नावे प्रत्येक वंदनासभेत घेतली जातात. परंतु ह्या गौरवाच्या आड एक प्रश्न बहुधा झाकला जातो. ज्या स्त्रीच्या कडेवर मूल आहे, तिचे काय? ज्ञानाचा अधिकार केवळ घर सोडून आलेल्या, मुले नसलेल्या अथवा मुले गमावलेल्या स्त्रीलाच होता काय? किसागोतमी आणि पटाचारा ह्यांच्या कथा सर्वश्रुत आहेत, पण त्या दोघी शोकातून धम्माकडे आल्या. जिवंत, रडणारे, दूध मागणारे मूल समोर असताना अध्ययन कसे करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. पालीच्या अभ्यासवर्गांतून बाळंतपणानंतर नाहीशा होणाऱ्या भगिनींपुढे मात्र नेमका हाच प्रश्न असतो. म्हणून प्राचीन वाङ्मयाला तो सरळ विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या दहाव्या खंधकात, म्हणजे भिक्खुनी-खंधकात, एक छोटीशी नोंद आहे. एका स्त्रीने प्रव्रज्या घेतली तेव्हा ती गरोदर होती. प्रव्रज्येनंतर ती प्रसूत झाली. आता ह्या बालकाशी आपण कसे वागावे, असा विचार तिला पडला. ही गोष्ट भगवंतांस कळविण्यात आली. विनयात अशा प्रसंगी अनेकदा निंदा येते, दोष दाखविला जातो आणि मग शिक्षापद घालून दिले जाते. येथे तसे काहीच नाही. ते मूल समजत्या वयास येईपर्यंत त्याचे पोषण करण्याची अनुमती भगवंतांनी दिली, एवढेच ग्रंथ सांगतो. तिला संघातून काढले नाही, की मूल सोडावयास लावले नाही.

परंतु अनुमतीने प्रश्न मिटला नाही, आणि ही नोंद पुढे अधिकच उद्बोधक होते ती येथेच. त्या भिक्खुनीपुढे दोन नियम परस्परांविरुद्ध उभे राहिले. भिक्खुनीने एकटीने राहू नये, हा एक नियम. दुसऱ्या भिक्खुनीला बालकासमवेत राहता येत नाही, हा दुसरा. कारण बालक असले तरी ते पुरुषजातीचे. म्हणजे मूल जवळ ठेवले की सोबत सुटते, आणि सोबत ठेवली की मूल सुटते. भगवंतांनी ह्यावर जो तोडगा काढला तो मुळातून पाहण्यासारखा आहे. संघाने एका भिक्खुनीची निवड करून तिला त्या मातेची ‘दुतिया’, म्हणजे सोबतीण, म्हणून द्यावे. निवडीची रीतही दिली आहे. आधी त्या भिक्खुनीला विनंती करावी, नंतर समर्थ अशा भिक्खुनीने संघापुढे ज्ञप्ती मांडावी आणि संघाच्या संमतीने निर्णय व्हावा. पुढे त्या सोबतिणीलाही शंका आली की, मी ह्या बालकाशी कसे वागू? तिला उत्तर मिळाले की, एका छपराखाली झोपण्याचा निर्बंध सोडून, इतर पुरुषांशी जसे वागतात तसे त्याच्याशी वागावे. म्हणजे जो निर्बंध आड येत होता तेवढाच शिथिल केला, बाकीचा विनय जसाच्या तसा राहिला.

ह्या तोडग्याचे मर्म आमच्या मते असे आहे. मातेची अडचण ही तिची खाजगी बाब मानली गेली नाही. ती संघाच्या सभेपुढे आली, तिच्यासाठी ठराव झाला, आणि एका दुसऱ्या साधिकेचा वेळ अधिकृतपणे तिला देण्यात आला. सोबत करणे हे त्या दुसऱ्या भिक्खुनीचे संघाने नेमून दिलेले काम ठरले. मूल ‘समजते’ होणे म्हणजे काय, ह्याचे स्पष्टीकरण पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या समंतपासादिकेत मिळते. मुलाला आपले आपण खाता-पिता, अंघोळ करता आणि अंगावरचे नीटनेटके करता आले पाहिजे, असा त्याचा आशय. पोर वाढविलेल्या कोणाही बाईला ही व्याख्या पटेल. ती वर्षांच्या आकड्यात बांधलेली नाही, हेही लक्षात घ्यावे.

येथे आपण केवळ गौरवाची बाजू सांगून थांबलो तर ते अभ्यासकाला शोभणार नाही. भिक्खुनी-पाचित्तियात गरोदर स्त्रीला उपसंपदा देणे हा दोष मानला आहे, आणि त्याच्या लगतच अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला उपसंपदा देणे हाही. पाजणारी म्हणजे आई अथवा दाई, असे विभंगात सांगितले आहे. दोन्ही नियमांच्या मागे लोकापवादाची कथा आहे. भिक्षेला निघालेल्या गरोदर भिक्खुनीला पाहून लोकांनी टोमणे मारले, म्हणून नियम झाला. विवाहितेला पतीची अनुमती हवी, असाही निर्बंध होता. म्हणजे संघाची सोय आणि लोकांची जीभ ह्या दोहोंचा भार स्त्रीवर पडतच होता. पाजणारी आई दाराशी आली तर तिला थांबावयास सांगितले जाई; मात्र जी आत आल्यावर आई झाली, तिला बाहेर घालविले जात नसे. ह्या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत.

हाच प्रसंग पुढे अट्ठकथांत कसा बदलत गेला, हे पाहिले म्हणजे इतिहासाची दिशा कळते. कुमारकस्सपाच्या मातेची कथा निग्रोधमिग जातकाच्या प्रस्तावनेत आणि धम्मपदट्ठकथेत येते. आपण गरोदर आहोत हे ठाऊक नसताना तिने प्रव्रज्या घेतली. देवदत्ताने चौकशी न करताच तिला घालवून दिले. भगवंतांनी प्रकरण उपालींकडे सोपविले, विशाखेने पडद्याआड तिची तपासणी करून दिवस मोजले आणि ती निर्दोष ठरली. येथवर कथा न्यायाची आहे. परंतु मूल जन्मल्यावर राजा पसेनदीने, मुलाची जोपासना ही भिक्खुनींना अडचण आहे असे म्हणून ते राजवाड्यात नेले. धम्मपदट्ठकथेनुसार ती माता बारा वर्षे पुत्रासाठी रडत राहिली. पुढे भिक्खू झालेला तो पुत्र वाटेत दिसताच ती धावली, पडली, आणि त्याने तिची आसक्ती तुटावी म्हणून तिला कठोर शब्द ऐकविले. मग तिला अर्हत्पद मिळाले.

विनयातील अनामिक भिक्खुनी आणि अट्ठकथेतील ही माता ह्यांच्यापुढील पेच जवळजवळ एकच आहे, उत्तरे मात्र भिन्न आहेत. एकीकडे मूल मातेजवळ राहते आणि संघ सोबतीण देतो. दुसरीकडे मूल राजाकडे जाते आणि माता बारा वर्षांचे अश्रू ढाळते. विनयाचा पाठ ह्या कथांहून जुना आहे. अट्ठकथाकाराला मातृप्रेम हे तोडावयाचे बंधन दिसले, विनयाला ते व्यवस्था लावून पार पाडावयाचे काम दिसले. आम्ही विनयाच्या बाजूने आहोत. कथा अधिक हृदयद्रावक आहे खरी, आणि म्हणूनच ती व्याख्यानांतून अधिक सांगितली जाते.

ज्या मातांनी मुले वाढवून झाल्यावर अध्ययनास आरंभ केला, त्यांची प्रतिनिधी सोणा थेरी होय. थेरीगाथेत तिला दहा पुत्र असल्याचे येते. धम्मपदट्ठकथेतील बहुपुत्तिका सात पुत्र व सात कन्यांची माता आहे. अट्ठकथा सांगते की, मालमत्ता मुलांत वाटून दिल्यावर तिची उपेक्षा झाली आणि ती संघात आली. उतारवयात आलेली म्हणून दिवसभर अंगावर कामे पडत. तेव्हा ती रात्री, अंधारात ठेच लागू नये म्हणून खांबाला हात लावून फेऱ्या घालीत ध्यान करी. अंगुत्तर निकायात उद्योगशील भिक्खुनींमध्ये तिला अग्रस्थान दिले आहे. हे स्थान तरुण वयात घर सोडून आलेल्या कोणा राजकन्येला मिळाले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पण सर्वच स्त्रिया संघात जाणाऱ्या नव्हत्या, आणि आजच्या आपल्या भगिनी तर नाहीतच. म्हणून उपासिकांकडे वळले पाहिजे. अंगुत्तर निकायाच्या सत्तकनिपातात वेळुकंटकी नंदमाता भेटते. ती पहाट होण्यापूर्वी उठून पारायणवग्गाचे सुस्वर पठण करते. तिच्या नावातच तिचे मातृत्व आहे. नंद हा तिचा एकुलता एक पुत्र राजसत्तेने बळजबरीने नेऊन मारला, तरी आपले चित्त ढळले नाही, असे ती सारिपुत्तांना सांगते. ज्या पारायणाचे ती पठण करी, त्याच्या आरंभीच्या, काहीशा उत्तरकालीन मानल्या जाणाऱ्या वत्थुगाथांत गोदावरीच्या तीरावरील बावरी येतो आणि त्याच्या शिष्यांची वाट पतिट्ठानावरून, म्हणजे आपल्या पैठणावरून, जाते. हे जाता जाता सांगितले. महत्त्वाचे हे की, घर जागे होण्याआधीचा वेळ ह्या गृहिणीने अध्ययनासाठी राखून ठेवला होता, आणि सुत्ताने तो नोंदविण्यायोग्य मानला.

छक्कनिपातातील नकुलमाता तर अधिकच जवळची वाटते. भग्ग देशातील सुंसुमारगिरीचा नकुलपिता मरणासन्न असता, आपल्यामागे संसाराचे काय होईल ह्या चिंतेत मरू नका, असे ती त्याला समजावते. पहिलेच आश्वासन व्यवहाराचे आहे. मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते, मी मुले पोसू शकेन आणि घर चालवू शकेन. शील, चित्ताची शांती आणि धम्मात परावलंबी नसलेली समज आपल्यापाशी आहे, हे ती त्यानंतर सांगते. हातातील कसब, मुलांची जबाबदारी आणि धम्माचे स्वतंत्र ज्ञान ही तिन्ही एकाच बाईच्या तोंडी, एकाच दमात आली आहेत. नकुलपिता बरा झाल्यावर, अशी उपदेश करणारी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंत त्याला म्हणतात.

आपल्या भूमीतील एक पुरावा येथे द्यावयास हवा. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील लेण्यांत, इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांतील एक दानलेख आहे. पदुमणिका नावाच्या प्रव्रजितेने एक लेणे आणि एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याचे त्यात कोरले आहे. ती आपली ओळख प्रव्रजिता नागनिकेची कन्या अशी करून देते आणि दानात बोधी व असाळ्हमिता ह्या आपल्या दोन शिष्यांना सहभागी करून घेते. नागनिकेने प्रव्रज्या केव्हा घेतली, हे लेख सांगत नाही. परंतु संघातील माता आपल्या मातृत्वाचा उल्लेख दगडावर कोरावयास लाजत नव्हती, किंबहुना कन्येला त्याचा अभिमान होता, हे स्पष्ट आहे. आई, लेक आणि लेकीच्या शिष्या अशा तीन पिढ्या त्या एका लेखात आहेत.

भार कोणी उचलावा, हा विनयातील प्रश्न आधुनिक काळात बाबासाहेबांनी कायदेमंडळात मांडला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्यास पाठिंबा दिला. मातेला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने हा भार मोठ्या प्रमाणात शासनाने सोसावा, पण स्त्रीच्या श्रमातून लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली तो कायदा झाला. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत त्यांनी मुलामुलींना शिकवा, लग्नाची घाई करू नका, असे सांगितले. ही दोन्ही भाषणे आम्ही एकत्र वाचतो. एकात शिकण्याचा आग्रह आहे, दुसऱ्यात आईपणाचा भार एकट्या आईवर टाकू नये ही तरतूद आहे.

आज कायद्याची चौकट बरीच पुढे गेली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीरजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांस पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजेची तरतूद केली. पण मोलमजुरी करून सायंकाळी विहारात पाली शिकू इच्छिणाऱ्या उपासिकेला ह्यातील काहीच लागू होत नाही. तिच्यासाठी आयोग नाही, आस्थापना नाही; आहे तो विहार. आणि आमच्या पाहण्यातील बहुतेक विहारांत अभ्यासवर्गाची वेळ सायंकाळी सात ते आठ अशी, म्हणजे नेमकी चूल पेटण्याची, ठेवलेली असते. ही वेळ ठरविणाऱ्या समितीत स्वयंपाक करणारे कोणी नसावे, असा आमचा तर्क आहे.

भिक्खुनी-खंधकाच्या आधारे आमची सूचना अशी आहे. पुढील वर्षावासापासून प्रत्येक विहाराने पाली वर्गाची वेळ माता-उपासिकांना विचारून ठरवावी आणि वर्गाच्या तासभर मुलांकडे पाहण्यासाठी, आधी त्याची वा तिची संमती घेऊन, सभेच्या ठरावाने एक ‘दुतिया’ नेमावी. ती स्त्रीच असली पाहिजे असे नाही. उपासकांनीही आळीपाळीने हे काम करावयास हरकत नाही. एका छपराखाली न राहण्याचा निर्बंध भिक्खुनींना होता, बापांना नव्हता.