मासा नसलेली मासेमारी

इंग्लंडच्या ग्रामीण भागांत उन्हाळ्यांत भरणाऱ्या जत्रेचें चित्र मराठी श्रोत्यानें डोळ्यांपुढें आणावयाचें म्हटलें, तर देव वगळून बाकीची सारी जत्रा त्यास ओळखीची वाटेल. एखाद्या जमीनदाराच्या वाड्यापुढील विस्तीर्ण कुरण, तंबूंच्या रांगा, शिकारी कुत्र्यांच्या परीक्षा, खाण्यापिण्याच्या दुकानांपुढील गर्दी आणि मुलांचा गलका, हें सर्व तेथें असतें. त्या गर्दींतच एका बाजूस दोर लावून आखलेली एक लांब, अरुंद पट्टी असते. गवतावर मोजपट्टी अंथरलेली, ठराविक अंतरावर लहान निशाणें रोवलेलीं, आणि एका टोंकाशीं उभा असलेला मनुष्य हातांतील काठी मागेंपुढें हलवीत असतो. काठीच्या शेंड्यापासून निघालेली दोरी त्याच्या डोक्यावरून मागें जाते, हवेंत उलगडते, पुन्हां पुढें येते आणि शेवटीं सरळ रेषेंत गवतावर पडते. पंच पुढें होऊन दोरीच्या टोंकाशीं बांधलेला लोंकरीचा लहानसा तुकडा कोठें पडला तें पाहतो, आंकडा पुकारतो, आणि पुढला स्पर्धक जागेवर येतो. पुष्कळदां पाणीही नसतें; मासा तर नसतोच नसतो.

या खेळास इंग्रज लोक ‘फ्लाय कास्टिंग’ म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी. मासा आणि माशी हे शब्द मराठींत एकमेकांस इतके खेटून उभे आहेत कीं, या विषयावर बोलतांना जीभ सांभाळावी लागते. पण येथें दोघांचा संबंध खराच आहे. ट्राउट नांवाचा थंड, वाहत्या पाण्यांतला मासा पाण्यावर येणारे किडे टिपून खातो. म्हणून पिसें, केस व रेशमी धागा गळावर गुंडाळून त्या किड्याचें सोंग बनवितात आणि तें माशाच्या तोंडापुढें अलगद टाकतात. अडचण अशी कीं, या सोंगास वजन जवळजवळ नसतेंच. गोफणींतून दगड जातो तो स्वतःच्या भारानें. शेतांतल्या माळ्यावर उभा राहून पांखरें हाकणारा पोरही हें जाणतो. गोफणींत दगडाऐवजी पीस घालून भिरकावलें तर तें पायांशींच पडेल. पिसाची माशी साठ-सत्तर फुटांवर न्यावयाची तर भार दुसऱ्या कशांत तरी असला पाहिजे, आणि तो असतो दोरींत. फेकली जाते ती दोरी. माशी नुसती तिच्या शेपटाला धरून जाते.

या विद्येचें सारें मर्म येथेंच आहे. फेकणारा काठी झटक्यानें मागें नेऊन थांबवितो. दोरीचा वळसा पाठीमागें उलगडूं लागतो. तो पुरता उलगडेपर्यंत हात आवरून धरावा लागतो, कारण ताठ झालेल्या दोरीच्या ओढीनेंच पुढच्या झटक्याला काठी धनुष्यासारखी वाकते. घाई केली तर आसूड कडाडावा तसा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. उशीर केला तर दोरी खालीं लोळते. नेमका क्षण डोळ्यांना सहसा दिसत नाहीं, कारण दोरी पाठीशीं असते. तो हातालाच कळावा लागतो. एखादा धिप्पाड गडी प्रथमच काठी हातीं घेतो तेव्हां अंगांतला सर्व जोर पणाला लावतो, आणि दोरीचें भेंडोळें त्याच्याच टोपीवर येऊन पडतें. जत्रेंतील प्रेक्षकांना हा प्रसंग विक्रमाहून अधिक प्रिय असतो.

आयझॅक वॉल्टन यानें १६५३ सालीं मासेमारीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, तेव्हां दूर फेकण्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता. घोड्याच्या शेपटीचे केस वळून केलेली दोरी बहुधा काठीच्या शेंड्यालाच बांधलेली असे. काठी जितकी लांब तितका हात दूर, एवढाच हिशेब. दोरी गुंडाळून ठेवणारें रीळ आणि तेलाचें रोगण दिलेली रेशमी दोरी यांनीं तो हिशेब मोडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील कारागिरांनीं बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, त्या सरसानें एकजीव करून षट्कोनी काठी बनविली. मेन राज्यांतील हायरम लिओनार्ड हा या कामांतला सर्वांत नाणावलेला. त्याच्या आरंभींच्या काठ्यांचा बांबू हिंदुस्थानांतून जाई. कलकत्त्याच्या बंदरांत जहाजावर चढत असल्यामुळें त्यास तिकडे ‘कॅलकटा केन’ हेंच नांव पडलें. ज्या बांबूची इकडे शिडी होते आणि तिरडी होते, त्याच बांबूवर न्यूयॉर्कचे गृहस्थ डॉलर मोजीत होते. पुढें विसाव्या शतकांत चीनच्या दक्षिण भागांतील अधिक सरळ आणि ताठ बांबूनें त्यास बाजूस सारलें.

लांबवर फेकणारी काठी हातीं आली, आणि मनुष्यस्वभावास अनुसरून लगेच पैज लागली. न्यूयॉर्क राज्यांतील शिकारी मंडळांच्या मेळाव्यांत दोरी फेकण्याचे सामने होऊं लागले. त्या काळच्या नामांकित फेकणाऱ्यांत रॉचेस्टरचा सेथ ग्रीन होता. हा गृहस्थ केवळ खेळाडू नव्हे. १८६४ सालीं कॅलिडोनिया येथें त्यानें माशांचीं अंडीं उबविण्याचें केंद्र काढलें, आणि १८७१ सालीं शाड जातीच्या माशांचीं पिलें खंड ओलांडून कॅलिफोर्नियांत नेऊन सॅक्रामेंटो नदींत सोडलीं. १८८० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क शहराच्या सेंट्रल पार्कमधील तळ्यावर सामने भरूं लागले. १८८३ सालीं लंडनमध्यें आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शन भरलें, त्याच वर्षीं शहराबाहेरील वेल्श हार्प तलावावर अमेरिकन आणि इंग्रज स्पर्धक समोरासमोर उभे राहिले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांतही ही स्पर्धा झाली. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळें जें शिकागो प्रत्येक सुशिक्षित भारतीयाच्या स्मरणांत आहे, तेंच हें.

नदीकांठच्या जुन्या मासेमारांना मात्र हा प्रकार रुचला नाहीं. त्यांचा आक्षेप साधा होता. ट्राउट बहुतेक तीस-चाळीस फुटांच्या आंत धरला जातो. शंभर फुटांवर माशानें तोंड लावलें तरी हाताला तें वेळेवर कळत नाहीं, आणि कळलें तरी इतक्या लांबीच्या दोरीनें गळ रुतत नाहीं. मग हें अंतर कोणासाठीं? आक्षेप खोटा नव्हता. पण तालमींत पेललेली जोडी शेतावर नेतां येत नाहीं म्हणून कोणी तालीम बंद करीत नाहीं, आणि या तालमींत जें घडत होतें त्याचा उपयोग नदीवरच्या मासेमाराला, त्याच्या नकळत, होऊं लागला होता.

वाद अंतराच्या मोजणींतही शिरला. स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेस येथें ॲलेक्झांडर ग्रँट नांवाचा एक कसबी मनुष्य राहत असे. केस कापणें हा त्याचा धंदा, आणि व्हायोलिन बनविणें हा नाद. लांकडाच्या कंपनाकडे वाद्य घडविणाऱ्याच्या कानानें पाहून त्यानें ठरविलें कीं, काठीच्या सांध्यावरील धातूच्या नळ्या कंपन अडवितात. म्हणून त्यानें ग्रीनहार्ट लांकडाचे तुकडे तिरपे छाटून, एकमेकांस जोडून वादीनें बांधले. १८९४ च्या सुमारास त्यानें या काठीचें पेटंट घेतलें. दोन्ही हातांनीं धरावयाच्या एकवीस फुटी काठीनें त्यानें ६५ यार्डांची, म्हणजे १९५ फुटांची फेक केली. इतर स्पर्धक दोरीचा कांहीं भाग हातांत सैल राखून शेवटच्या क्षणीं सोडून देत, म्हणजे ती पुढच्या दोरीच्या वेगाबरोबर ओढली जाई. ग्रँटला ही लबाडी वाटे. जितकी दोरी पाण्यावरून उचलली तितकीच पुढें टाकली पाहिजे, असा त्याचा हट्ट होता, आणि त्याचे १९५ फूट त्या हट्टाचे होते. काळ त्याच्या बाजूनें राहिला नाहीं. दोरी सोडून देण्याची युक्तीच पुढें दूरफेकीचा पाया बनली.

काठी एका हाताची आणि वजन बांधून दिलेलें, अशा सामन्यांत मोठा उलथापालथ १९३४ सालीं झाला. सेंट लुईस शहरांतील राष्ट्रीय स्पर्धेंत ओरेगॉन राज्याच्या पोर्टलँड गांवचा मार्व्हिन हेज उभा राहिला. उजव्या हातानें तो इतरांप्रमाणेंच काठी हलवीत होता. डाव्या हाताचें चाललेलें मात्र कोणाच्या लवकर ध्यानांत आलें नाहीं. काठी मागें जातांना तो डाव्या हातानें दोरीला एक हिसका देई, हात पुन्हां वर नेई, आणि काठी पुढें येतांना दुसरा हिसका देई. दोरीचा जाड भागही त्यानें पुढच्या टोंकाकडे आणला होता. आंकडा पुकारला गेला: १४७ फूट. पूर्वीचा विक्रम थोडाथोडका नव्हे, कित्येक फुटांनीं मागें पडला. आज कोणत्याही देशांत ही विद्या शिकणारा मनुष्य तो दुहेरी हिसका शिकतोच, मग समुद्रकांठच्या वाऱ्यांत फेकावयाचें असो वा मैदानांत.

हिसक्यानें जोराची जागा वेळेनें घेतली, तरी मोजपट्टीचा खेळ पुरुषांचाच, ही समजूत टिकून होती. न्यू जर्सी राज्यांतील पॅटरसन येथें १९२६ सालीं जन्मलेल्या जोन सॅल्व्हाटो हिनें ती मोडली. तिच्या वडिलांचें शिकारीच्या व मासेमारीच्या सामानाचें दुकान होतें. दहा वर्षांची असतांना तिनें त्यांना न सांगतां त्यांची काठी तळ्यावर नेली, आणि फेकतां फेकतां काठीचा शेंडा निसटून पाण्यांत पडला. शेजारच्या गृहस्थांनीं दांताळें घालून तो वर काढून दिला. घरीं बोलणीं खावीं लागतील या भीतीनें ती परतली. वडिलांनीं तिला रागें भरण्याऐवजीं आपल्या क्लबांत शिकावयास नेलें. नृत्यही ती शिकत होती, आणि पुढें तिनें नृत्याची शिक्षिका म्हणून कामही केलें. १९४३ सालीं तिला पहिलें राष्ट्रीय विजेतेपद मिळालें, आणि १९६० पर्यंत अशीं सतरा विजेतेपदें तिच्या नांवावर जमा झालीं.

यांतील १९५१ चें विजेतेपद निराळें होतें. दूरफेकीच्या त्या सामन्यांत समोर सर्व पुरुष होते. स्त्रियांसाठीं वेगळे अचूक फेकीचे सामने असत. दूरफेकीकडे त्यांनीं वळूं नये असा नियम नसला तरी रिवाज होता. दंडांत त्या पुरुषांची बरोबरी तिला करतां येणें शक्य नव्हतें. नर्तकीला जी गोष्ट पायापासून डोक्यापर्यंत अंगवळणी पडलेली असते, ती, म्हणजे शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्यावर कोणत्या क्षणीं न्यावयाचा हें, तिला ठाऊक होतें. तो सामना तिनें जिंकला. १९६० सालीं तिची फेक १६१ फुटांवर पोहोंचली. तोंवर ज्यांना हा विजय एका दिवसाचें दैव वाटत होतें, त्यांना बोलावयास जागा उरली नाहीं.

दरम्यान साहित्य बदलत गेलें. महायुद्धानंतर कांचतंतूंच्या काठ्या आल्या. १९५० सालीं अमेरिकेनें चिनी मालास बंदी केली आणि बांबूवाल्या कारागिरांचा कच्चा मालच तुटला. रेशमाऐवजीं प्लॅस्टिकचें अस्तर दिलेली दोरी आली, आणि १९७० नंतरच्या दशकांत कार्बनतंतूंची काठी. या प्रत्येक बदलाची कसोटी प्रथम अशा माणसांनीं घेतली, ज्यांच्यापुढें मासा नसे. सान फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्यें १९३८ सालीं, मंदीच्या काळांतील सरकारी रोजगार योजनेंतून, केवळ दोरी फेकण्यासाठीं कुंडें बांधलीं गेलीं. त्यांवर सराव करणारा जिमी ग्रीन पुढें कांचतंतूंच्या आणि कार्बनच्या काठ्यांचा आराखडा करणारा प्रमुख कारागीर झाला, आणि तेथेंच लहानपणीं शिकलेला स्टीव्ह रॅजेफ जगज्जेता झाला. इंग्लंडांत १९५८ सालीं नॉरफोक परगण्यांतील रेनहॅम हॉलच्या आवारांत पहिला ‘गेम फेअर’ भरला, आणि तेव्हांपासून अशा जत्रांतून गवतावरच्या मोजपट्ट्या अंथरल्या जात आहेत.

जोननें नामवंत मासेमार ली वुल्फ यांच्याशीं विवाह केला, आणि १९७९ सालीं उभयतांनीं न्यूयॉर्क राज्यांत कॅटस्किल डोंगरांमध्यें शिक्षणशाळा काढली. शिकवूं लागल्यावर तिला आढळलें कीं, हाताला जें कळतें तें सांगण्यास शब्दच नाहींत. बाप मुलाला ‘माझ्याकडे पाहा आणि असें कर’ एवढेंच सांगत आला होता. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत तिनें फेकीचे एकेक अवयव वेगळे केले. काठीवर भार चढविणारी संथ हालचाल, तिच्या शेवटचा मनगटाचा झटका, आणि झटक्यानंतर हातानें दोरीच्या मागोमाग जाणें, अशीं त्यांना तिनें नांवें दिलीं.