प्रतिजैविकांनी विरघळलेला कर्करोग

१/१२
सन १९९३. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या संशोधकांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. जठराच्या लिम्फोमाचे अवघे सहा रुग्ण. उपचार म्हणून दिली गेली ती साधी प्रतिजैविके. सहापैकी पाच जणांच्या जठरातून कर्करोग दिसेनासा झाला. हे घडले कसे?

२/१२
मागे दहा वर्षे जाऊ. जठरात कधीकधी लसीका पेशींची दाट वाढ आढळे. ती वर्षानुवर्षे एका जागी पडून राही, फारशी पसरत नसे. त्यामुळे अनेक विकृतिशास्त्रज्ञ तिला कर्करोग मानायला तयार नव्हते. ‘स्यूडोलिम्फोमा’, म्हणजे लिम्फोमाचा आभास, असे तिचे नाव होते.

३/१२
१९८३ मध्ये पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट या ब्रिटनमधील विकृतिशास्त्रज्ञांनी वेगळे मत मांडले. हा खराच लिम्फोमा आहे; मात्र तो लसीका ग्रंथींत नव्हे, तर अवयवांच्या आतील अस्तराशी निगडित ऊतीत जन्मतो. या ऊतीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘माल्ट लिम्फोमा’ हे नाव मिळाले.

४/१२
पण यातून एक कोडे उभे राहिले. आतड्यात अशी लसीका ऊती जन्मतःच असते. निरोगी जठरात ती नसते. जी ऊती तिथे नाहीच, तिचा कर्करोग तिथे होतो कसा?

५/१२
उत्तराचा धागा ऑस्ट्रेलियात होता. पर्थमध्ये रॉबिन वॉरन यांना जठरदाहाच्या नमुन्यांत वक्राकार जंतू दिसत होते. जठराच्या आम्लात जंतू तग धरत नाहीत, ही तेव्हाची पक्की समजूत. १९८२ मध्ये बॅरी मार्शल यांच्या प्रयोगात ईस्टरच्या सुट्टीमुळे तबकड्या नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या आणि हे जंतू प्रथमच वाढले.

६/१२
१९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. पुढे या जंतूला ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हे नाव मिळाले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

७/१२
लंडनमध्ये आता दोन्ही धागे जुळले. जंतूचा संसर्ग झाला की त्याच्याशी लढण्यासाठी लसीका पेशी जठरात गोळा होतात, म्हणजे नसलेली ऊती तिथे निर्माण होते. १९९१ मध्ये अँड्र्यू वॉदरस्पून, आयझॅकसन आणि सहकाऱ्यांनी माल्ट लिम्फोमाचे ११० नमुने तपासले. १०१ नमुन्यांत, म्हणजे ९२ टक्क्यांत, हा जंतू सापडला.

८/१२
परंतु सोबत आढळणे म्हणजे कारण असणे नव्हे. म्हणून ट्रेसी हसेल आणि सहकाऱ्यांनी गाठीतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांत मारलेले जंतू मिसळले. कर्करोगाच्या बी-पेशी वाढू लागल्या. मग मिश्रणातून टी-पेशी काढून टाकल्या, वाढ थांबली. जंतू टी-पेशींना चेतवतो आणि टी-पेशी बी-पेशींना पोसतात, असा हा व्यवहार होता.

९/१२
मग जंतूच नाहीसा केला तर? त्या सहा रुग्णांवरील उपचारामागे हाच तर्क होता. तोवर या रोगावर मुख्यतः शस्त्रक्रिया होत असे; प्रसंगी जठराचा मोठा भाग किंवा संपूर्ण जठर काढावे लागे.

१०/१२
आणखी एक प्रश्न उरला होता : आधी काय, संसर्ग की कर्करोग? १९९४ मध्ये अमेरिकेतील ज्युली पार्सोनेट आणि सहकाऱ्यांनी २,३०,५९३ लोकांच्या पूर्वीच साठवलेल्या रक्तनमुन्यांचा आधार घेतला. त्यांतील ३३ जणांना पुढे जठराचा लिम्फोमा झाला होता. संसर्ग असलेल्यांत ही शक्यता सुमारे सहापट होती, आणि रक्त घेतले गेले होते ते रोगनिदानाच्या कित्येक वर्षे आधी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले.

११/१२
विजय मात्र संपूर्ण नव्हता. सहावा रुग्ण विसरून चालत नाही. काही गाठींत ११ आणि १८ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. अशा पेशींना जंतूची चिथावणी लागत नाही, त्यामुळे प्रतिजैविके सहसा निष्प्रभ ठरतात. उलट, हा जंतू जगातील कोट्यवधी लोकांच्या जठरात असतो. लिम्फोमा होतो तो त्यांतील अगदी थोड्यांना.

१२/१२
आज जठरापुरत्या मर्यादित माल्ट लिम्फोमात जंतू आढळला, तर पहिला उपचार प्रतिजैविकांचाच असतो आणि बहुसंख्य रुग्णांचे जठर शाबूत राहते. ज्या वाढीला एकेकाळी ‘आभास’ म्हटले गेले, तिला कोणीतरी खरी मानले. म्हणूनच तिचे कारण शोधता आले.