व्हाइसरॉयांच्या अंगावरचे थर

जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय ओळीने उभे आहेत. आपण नावे वाचत पुढे जातो. पण यातली जुनी चित्रे लाकडी फळ्यांवर आहेत, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

१५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रू याने ही मालिका सुरू करवली. देखरेख बखरकार गास्पार कुर्रैयाची, कुंचला एका स्थानिक चित्रकाराचा. त्याचे नाव मात्र कुर्रैयाने लिहिले नाही.

आमच्या दमट हवेत लाकूड फुगते, आकसते, रंग सुटतो. मग वरून नवा रंग, नवे वार्निश. १८९०च्या दशकात गोम्स द कॉस्ता या लष्करी अधिकाऱ्याने तर चित्रे सरळ पुन्हा रंगवली. हाच गृहस्थ १९२६ मध्ये पोर्तुगालचा राष्ट्राध्यक्ष झाला! पुढे १९५०च्या दशकात काही फळ्या लिस्बनला गेल्या आणि क्ष-किरणांत आतली चित्रे दिसली.

जुने वार्निश काढणे हे घाईचे काम नव्हे. कोपऱ्यात नखाएवढी जागा निवडायची, कापसाच्या बोळ्याने द्रावक हलकेच फिरवायचे. बोळा पिवळा झाला तर वार्निश. लाल-निळा झाला तर तत्काळ थांबायचे.

मी कारकून माणूस. फायलीत जुना शेरा खोडत नाहीत, खाली नवा लिहितात. इथे मात्र वरचा शेरा पुसल्याशिवाय खालचा वाचता येत नाही. वरचाही इतिहासच, म्हणून आधी त्याची नोंद व्हावी. पण तळाशी आपल्या निनावी गोंयकाराचा हात आहे. मला तो पाहायचा आहे.