चित्रात न दिसणारी धवलारीण



लग्नसराई आली की आपल्या पेण-रोह्यात गावोगावी मांडव उभे राहतात. हळदीच्या रात्री डीजेचा आवाज पार दुसऱ्या गावात ऐकू जातो. त्याआधी खालूबाजा असायचा : सनई, ढोल, टिमकी. पण त्याच्याही आधी काय वाजत होतं? तेव्हा आवाज साठवायची सोय नव्हती. म्हणून आज आपण जुन्या चित्रांनाच विचारू या.

पहिलं चित्र अजिंठ्याचं. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक राजाच्या गोष्टीतला नाचाचा प्रसंग आहे. तो सुमारे १५०० वर्षांपूर्वी रंगवला. मधे नाचणारी, भोवती वाजवणाऱ्या बायका. कुणाच्या ओठाला बासरी, कुणाच्या हाती टाळ, कुणी मृदंगावर. हा प्रसंग राजवाड्यातला आहे, लग्नाचा नव्हे. तरी दोन गोष्टी कळतात. वाद्यं बायकांच्याही हातात होती. आणि आज जिच्याशिवाय लग्न सुनं वाटतं, ती सनई तिथे दिसत नाही.

दुसरं चित्र जवळचं, डहाणूकडच्या वारली घरातलं. लग्नात सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधे पालघाट देवी. या चौकाशिवाय लग्न लागत नाही. वारली चित्रांत तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल नाच दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं, तारपा हे लग्नाचं वाद्य. पण तारपा वाजतो भात तयार झाल्यावर, नव्या धान्याच्या आनंदात. तेव्हा चित्र पाहताना आधी विचारावं : हा मोसम कोणता?

मग वारली लग्नात मान कुणाचा? धवलेरीचा. ती बाई गाते आणि लग्नाचे विधी करते. तिच्या गाण्याने लग्न पुढे सरकतं. पण तारपा रेषेत काढता येतो, गळा कसा काढणार?

तीच आपल्या आगरी लग्नातली धवलारीण. तिचे धवले काही कालचे नाहीत. तेराव्या शतकात महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो. म्हणजे मराठी बाईची कविता लग्नाच्या गाण्यातून आली!

गेल्या शतकात, सत्तरच्या दशकात, वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्र टिकलं, जगभर गेलं. धवले मात्र गाणारीच्या तोंडातच राहिले. ती गेली की तेही जातात.

म्हणून बायांनो, या आठवड्यात एक काम करू या. घरातला लग्नाचा जुना फोटो काढा आणि घरच्या म्हातारीपुढे ठेवा. विचारा : यात वाजवणारे कुठले? सनई कोण वाजवत होतं? आणि धवलारीण कुठे बसली होती? फोटोत ती बहुधा नसेल, पण आजीला तिची जागा आठवेल.

मग गावातल्या धवलारणीकडे जा. तिला विचारूनच मोबाइलवर तिचं गाणं घ्या. गाण्यासोबत तिचं नाव, गाव आणि ते कोणत्या विधीचं आहे तेही बोलून ठेवा. डीजेला आपण हजारो रुपये मोजतो, तिच्या हातावरही मानाने काही ठेवा.

चित्रात ती आली नाही. निदान आपल्या कानातून ती जाऊ नये.