ब्रेस्लाऊचे चार मित्र

तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे एकच स्वर निघाला असे आपण समजतो. पण त्या स्वराच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर असतात. त्या कंपणाऱ्या तारेचे वर्णन दोन रीतींनी करता येते. एक, तारेची आकृती काढावी. दुसरी, कोणता स्वर किती प्रमाणात मिसळला आहे याची यादी करावी. यादी न संपणारी, पण यादीवरून आकृती आणि आकृतीवरून यादी बिनचूक मिळते. मी कामगार संघटनेचा माणूस, कॉलेजची पायरी चढलेलो नाही. एवढे कळायला मला वाचनालयातले एक पुस्तक चार वेळा बदलून आणावे लागले. पण ते कळले, आणि 'फंक्शनल अ‍ॅनालिसिस' या भारदस्त नावाची भीती गेली.

जर्मनीतील गटिंगेन येथे डाविड हिल्बर्टने १९०४ ते १९१० या काळात हे शास्त्र उभारले. संपूर्ण आकृती हाच एक बिंदू मानायचा, आणि असे सारे बिंदू जिथे मावतील असे, अनंत दिशांचे अवकाश कल्पायचे. यादी आणि आकृती या त्या अवकाशाच्या दोन बोली आहेत, हे १९०७ साली रीस आणि फिशर यांनी स्वतंत्रपणे दाखवले. तेव्हा अणूचा विचार कोणाच्या मनातही नव्हता.

पुढे १९२५ मध्ये हायझेनबर्गने अणूचे गणित संख्यांच्या कोष्टकांत मांडले. या कोष्टकांचा गुणाकार विचित्र. क्रम बदलला की उत्तर बदलते. हे तर आपण विद्यार्थिदशेत ब्रेस्लाऊला शिकलेले 'मॅट्रिक्स', हे मॅक्स बॉर्नने ओळखले. १९२६ मध्ये श्रोडिंगरने तेच गणित लाटांच्या समीकरणात मांडले. दोन्ही पक्षांना एकमेकांची रीत रुचत नव्हती, उत्तरे मात्र जुळत! दोहोंचा संबंध श्रोडिंगरने त्याच वर्षी दाखवला. पण पक्का पाया १९२७ पासून जॉन फॉन नॉयमनने घातला, आणि १९३२ मध्ये त्याचा ग्रंथ आला. कोष्टके चालतात याद्यांवर, समीकरण चालते आकृत्यांवर, तंबोरा एकच.

आता त्या ब्रेस्लाऊविषयी. बॉर्न, ऑटो टोप्लिट्झ, एर्न्स्ट हेलिंगर आणि रिचर्ड कूरांट हे चौघे तिथले मित्र. चौघेही गटिंगेनला हिल्बर्टकडे आले. कूरांटने हिल्बर्टच्या नावासह १९२४ मध्ये काढलेला गणिती पद्धतींवरचा ग्रंथ भौतिकशास्त्रज्ञांच्या नित्य हाताशी असे. हेलिंगरचे काम बॉर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९२५ मध्येच उपयोगी पडले. स्थान किंवा वेग यांसारख्या, कितीही वाढू शकणाऱ्या राशी या अवकाशातील प्रत्येक बिंदूला लावता येत नाहीत, हे हेलिंगर व टोप्लिट्झ यांच्या १९१० च्या प्रमेयातून निघते. फॉन नॉयमनला सर्वांत अधिक मेहनत पडली ती इथेच.

चौघेही जन्माने ज्यू. ७ एप्रिल १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने कायदा केला. नाव काय, तर नोकरशाहीच्या 'पुनःस्थापने'चा! बडतर्फीच्या नोटिसा मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांची भाषा अशीच सोज्वळ असते. बॉर्न आणि कूरांट यांची जागा त्याच वर्षी गेली. कूरांट पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून जखमी झाला होता, त्याचा उपयोग झाला नाही. हेलिंगर आणि टोप्लिट्झ १९३५ मध्ये गेले.

कूरांटने न्यूयॉर्कला नवी गणितसंस्था उभी केली. बॉर्न १९३५-३६ च्या हिवाळ्यात आपल्या बंगलोरला रामन यांच्याकडे होता. तिथे कायमची जागा मिळू शकली नाही, म्हणून एडिंबरोला गेला. १९५४ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. टोप्लिट्झ १९३९ मध्ये जेरुसलेमला पोहोचला आणि पुढच्याच वर्षी वारला. हेलिंगरला नोव्हेंबर १९३८ मध्ये पकडून डाखाउच्या छळछावणीत टाकले. देश सोडण्याच्या अटीवर सुटका झाली. तो अमेरिकेत शिकवू लागला, १९५० मध्ये वारला. ब्रेस्लाऊ आता पोलंडमध्ये आहे, आणि त्याचे नाव व्रोत्सवाफ.